वाचनालयाचा कॉन्फरन्स कॉम्प्युटर : खानापूर तालुक्यातल्या कामाच्या नोंदी

काम असं : गावच्या वाचनालयाच्या सभागृहात एक कॉम्प्युटर कायमचा बसवायचा. श्रावणातली व्याख्यानं त्यावर झूमने घ्यायची, वक्ता पुण्याहून किंवा बेळगावहून बोलणार, श्रोते इथे. शेवटी अर्धा तास भजन, ते इथून बाहेर जाणार. पहिला कार्यक्रम शनिवार २६ जुलै. बजेट पाच हजार.

७ जुलै २०२५, सोमवार

असलेलं सामान : चौथ्या पिढीच्या आय-३ चा डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, विंडोज १०. या प्रोसेसरवर विंडोज ११ रीतसर बसत नाही, आणि १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार आहेत. म्हणजे हे मशीन या सीझनपुरतंच, हे चिटणिसांना आधीच सांगून ठेवलं.

फायबरचा डबा, राउटर आणि आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (केबलींना एकमेकींशी जोडणारं यंत्र) पुढच्या ऑफिसच्या खोलीत. तिथून कौलांखालून साधारण ३५ मीटर केबल सभागृहात येते. केबल कुणी, कधी टाकली ते कुणालाच आठवत नाही. प्लॅन ३० एमबीपीएसचा, वर-खाली सारखाच.

मीटिंग चालू केली की ३.६ जीबी रॅम भरते आणि मशीन एसएसडीवर घासत बसतं. डीडीआर-३ ची ४ जीबीची जुनी काडी बेळगावात खडेबाजारात ५५० ला मिळाली. ती घातल्यावर तेवढं दुखणं संपलं.

८ जुलै, मंगळवार

पहिली चाचणी. समोर पुण्यातला एक लॅपटॉप. आम्ही गप्प बसून ऐकत होतो तोवर सगळं झकास. इकडून कॅमेरा चालू करून बोलायला लागलो की दहा-पंधरा सेकंदांत समोरून, "तुमचा आवाज तुटाय लागलाय की ओ!" कॅमेरा बंद केला की पुन्हा ठीक.

इथे तीन तास घालवले ते असे : झूम काढून पुन्हा घातलं, कॅमेऱ्याचा एचडी पर्याय बंद केला, अँटिव्हायरस थांबवला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. एकावेळी एकच गोष्ट बदलायची असते हे माहीत असून चारही एकदम केल्या. त्यामुळे मधे जरा बरं वाटलं तेव्हा कशामुळे, ते कळलंच नाही. तसंही ते बरं वाटणं खोटं होतं.

९ जुलै, बुधवार

अख्खा दिवस वाया. "पोर्ट अडले असतील" असं धरून (पोर्ट म्हणजे इथे नेटवर्कवर ये-जा करायची क्रमांकाची दारं, यूडीपी हा त्यातला आवाज-चित्राचा प्रकार) राउटरमध्ये यूडीपी ८८०१ ते ८८१० आणि ३४७८, ३४७९ या कॉम्प्युटरकडे फॉरवर्ड केले, म्हणजे त्यांवर बाहेरून येणारं थेट इकडे वळवलं. काही फरक नाही, आणि पडणारही नव्हता. झूमचा क्लायंट (आपल्या कॉम्प्युटरवरचं झूम) स्वतः आतून बाहेर जोडणी करतो, उत्तर त्याच वाटेने परत येतं. हे पोर्ट *बाहेर जायला* मोकळे लागतात, आणि घरगुती राउटर बाहेर जाणारं काही अडवत नाही. कॉलेज, बँक अशा ठिकाणी फायरवॉल असते, तिथे ही यादी कामाची. (टीम्स आणि जित्सी ही झूमसारखीच. टीम्सला यूडीपी ३४७८ ते ३४८१ लागतात. स्वतःचा जित्सी सर्व्हर असेल तर सर्व्हरच्या बाजूला यूडीपी १०००० उघडावा लागतो, तिथे मात्र फॉरवर्ड करणं खरंच गरजेचं.) संध्याकाळी केलेलं सगळं फॉरवर्डिंग काढून टाकलं. उगाच उघडी दारं ठेवू नयेत.

११ जुलै, शुक्रवार

आज मोजायला बसलो, हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. त्याच राउटरच्या वायफायवर फोन : खाली २९, वर २८ एमबीपीएस. केबलवर कॉम्प्युटर : खाली २२, वर २.१. म्हणजे लाइन चांगली, फायबर चांगलं, सॉफ्टवेअरचा प्रश्नच नाही. खोट फोन आणि कॉम्प्युटर यांच्यात जे वेगळं आहे तिथेच : केबल, स्विच किंवा कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड.

झूमच्या सेटिंग्जमध्ये स्टॅटिस्टिक्स म्हणून भाग आहे. ऑडिओ आणि व्हिडिओच्या टॅबमध्ये लेटन्सी (पोचायला लागणारा वेळ), जिटर (त्या वेळातली चढउतार) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेले तुकडे), पाठवलेलं आणि आलेलं वेगवेगळं दिसतं. आमच्याकडे आलेल्यात लॉस १-२ टक्के, पाठवलेल्यात १८ ते ३०. ७२०पी च्या गटकॉलला वर साधारण २.६ एमबीपीएस आणि खाली १.८ लागतात. वर २.१ च असतील तर कॅमेरा लावताच बोंब होणारच.

पिंग (समोरच्या यंत्राला छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का, किती वेळात, ते बघणं) मात्र फसवतं. नुसता पिंग राउटरला शंभरदा मारला, एकही पॅकेट हरवलं नाही. त्यामुळेच दोन दिवस केबलवर संशय गेला नव्हता.

१२ जुलै, शनिवार

सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण हा दोष जुन्या ऑफिसांत हमखास असतो आणि दिसत नाही.

डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, "स्पीड अँड डुप्लेक्स". तिथे "ऑटो निगोशिएशन" असायला हवं. कुणीतरी "१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स" असं ठोकून ठेवलं होतं.

यात वाईट काय? दोन्ही टोकं ऑटोवर असली की ती आपसांत बोलून वेग आणि डुप्लेक्स (एकदम दोघांनी बोलायचं ते फुल, आळीपाळीने ते हाफ) ठरवतात. एका टोकाला हाताने ठरवून दिलं की ते बोलणं बंद पडतं. समोरच्या स्विचला वेग नुसत्या सिग्नलवरून कळतो, १०० म्हणून. पण डुप्लेक्स कळत नाही, आणि कळलं नाही की नियमानेच तो हाफ धरतो. आता कॉम्प्युटर समजतो, दोघांनी एकदम बोललं तरी चालतं. स्विच समजतो, एकावेळी एकानेच बोलायचं. स्विच काही पाठवत असताना कॉम्प्युटरने मधेच सुरुवात केली की स्विच त्याला टक्कर समजतो, स्वतःचं पाठवणं अर्धवट सोडतो आणि कॉम्प्युटरकडून आलेलंही टाकून देतो.

वाहतूक कमी असेल तर टक्कर क्वचितच होते, म्हणून पिंग चांगला. नुसतं ऐकायचं असेल तरी चालून जातं. दोन्हीकडून सतत माल जायला लागला की मरण. कॉन्फरन्स म्हणजे नेमकं तेच. फाइल डाउनलोड, यूट्यूब, ईमेल यांत हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो.

खात्री अशी केली : त्याच स्विचवर दुसरा लॅपटॉप लावला, दोघांमध्ये एक-एक मोठी फाइल दोन्ही दिशांनी एकदम कॉपी केली आणि त्याच वेळी पिंग चालू ठेवला. शंभरात १४ पिंग गेले. कॉपी थांबवली, शून्य.

मग "ऑटो" केलं. आणि लिंकच गेली. कार्डाचा दिवा विझला, तीन-चार सेकंदांनी लागला, पुन्हा विझला. असा खेळ. आता कळलं, आधीच्या माणसाने १०० फुल का ठोकलं होतं. वेडेपणाने नव्हे, ऑटोवर लिंक टिकत नव्हती म्हणून. दुखणं केबलचं, आणि त्याने गोळी कार्डाला दिली.

१३ जुलै, रविवार

केबल टेस्टर (१८० रुपये, दोन डबे, आठ दिवे). १ ते ६ लागले, ७ आणि ८ नाहीत. म्हणजे तपकिरी जोडी तुटलेली. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ एवढ्याच तारा लागतात, गिगाबिटला आठही. ऑटोमध्ये दोन्ही टोकं "गिगाबिट करूया" असं पहिल्या दोन जोड्यांवर ठरवतात, आणि प्रत्यक्ष करायला गेलं की चौथी जोडी सापडत नाही. काही कार्डं शहाणी, आपोआप १०० वर उतरतात. हे उतरत नव्हतं.

तुटलं होतं ते सभागृहाकडच्या प्लगमध्ये. भिंतीच्या कोपऱ्यात ओल होती, प्लगचे पितळी दात हिरवे पडले होते, आणि तपकिरी तार नखाने दाबली की मोडत होती. तार कापून पाहिली तर आतून पांढरी : वरून तांब्याचा मुलामा, आत अॅल्युमिनियम. खानापूरच्या पावसात ही तार प्लगमध्ये टिकत नाही. नवीन केबल घेताना पात्याने खरवडून बघावी, आतही तांबं दिसलं तरच घ्यावी. आमची ३५ मीटर बदलायला आत्ता पैसे नाहीत, म्हणून फक्त टोक बदललं.

प्लग मारताना : वरचं आवरण २५ मिमी सोलायचं, पीळ सोडवून तारा सरळ करायच्या, डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी (प्लगचा खटका खाली, दात वर). मग एका रेषेत कापून १३ मिमी ठेवायच्या. वरचं आवरण प्लगच्या आत, पाचरीखाली गेलं पाहिजे. नाहीतर सगळा ताण तारांवर येतो. पहिला प्लग फुकट गेला, निळा आणि हिरवा अदलाबदल झाले. दुसरा बरोबर. आठही दिवे.

ऑटोवर लिंक १ गिगाबिटची आली आणि टिकली. स्पीड : खाली २९, वर २८. पाठवलेल्यात पॅकेट लॉस ०. चार दिवसांचा दोष, साडेपाच रुपयांचा प्लग. प्लगला रबरी टोपी घातली आणि केबल ओलीपासून हातभर वर, खिळ्यावर घेतली.

१५ जुलै, मंगळवार

रात्री वीज गेली होती. सकाळी झूम जोडेना, ब्राउझर म्हणतो "तुमची जोडणी खाजगी नाही". पुन्हा नेटवर्कवर संशय घेण्याआधी सहज कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं : १ जानेवारी २०१३. मदरबोर्डवरची बॅटरी मेली आहे. तारीख चुकली की वेबसाइटचं प्रमाणपत्र "अजून सुरूच झालेलं नाही" असं ठरतं आणि सुरक्षित जोडणी होत नाही.

विंडोज वेळ आपोआप दुरुस्त का करत नाही? एकट्या मशीनवर फरक १५ तासांहून जास्त असेल तर टाइम सर्व्हिस स्वतःहून हात लावत नाही. हाताने तारीख घालावी लागते. सीआर-२०३२ सेल, ४० रुपये. बदलताना प्लग काढा, आणि जुना सेल नखाने नव्हे तर बाजूची क्लिप दाबून काढा. नखाने उचकटला की सॉकेट वाकतं.

१७ जुलै, गुरुवार

कॅमेरा. मंचाच्या समोर हवा होता म्हणून साधी १० मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन लावली. दर पाच मिनिटांनी "कॅमेरा सापडत नाही". यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच धरावी. मधे चिप असलेली अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन ६५० ला आली, ती मागच्या पोर्टला लावली. पुढच्या पोर्टला कॅबिनेटच्या आतली लांब वायर असते, तिथे पुन्हा त्रास.

चित्र लडखडत होतं ते वेगळ्या कारणाने. पावसाळ्यात सभागृह अंधारं, आणि उजेड कमी पडला की कॅमेरा एक्सपोजर (एकेका चित्राला दिलेला वेळ) वाढवतो आणि सेकंदाला ३० फ्रेमचे १५ करतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हे बंद करता येतं, पण मग चित्र काळं. मंचावर २० वॉटची एलईडी पट्टी लावली, २५० रुपये. चित्रात वरखाली सरकणारे पट्टे दिसत होते, त्यासाठी अँटी-फ्लिकर ६० वरून ५० हर्ट्झ केलं. आपली वीज ५० ची.

१९ जुलै, शनिवार

आवाज. दिवसभर हेच चाललं.

पहिली चूक आमचीच : कॉम्प्युटरची हिरवी पिन अँप्लिफायरच्या माइकच्या भोकात गेली होती. तिथे अगदी बारीक सिग्नल अपेक्षित असतो, त्यामुळे वक्त्याचा आवाज फाटून डब्यातून आल्यासारखा. मागे ऑक्स म्हणून लाल-पांढरी जोडी आहे, तिथे लावलं, साफ.

मग गुणगुण. कॉम्प्युटर एका बोर्डावर, अँप्लिफायर मंचावरच्या दुसऱ्या लाइनवर, दोन्हीचं अर्थिंग वेगळ्या वाटेने. ऑडिओ केबल जोडली की त्यांचा वेढा पूर्ण होतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणले, बरीच कमी झाली. उरलेली हा वेढा तोडणाऱ्या ग्राउंड लूप आयसोलेटरने (३०० रुपये) गेली. "प्लगची मोठी पिन काढा, गुणगुण जाते" असा सल्ला दोघांनी दिला. जाते खरी, पण मग डब्याला करंट आला तर तो माणसातून जातो. ते करू नका.

सगळ्यात किचकट म्हणजे प्रतिध्वनी. आधी एक खूणगाठ : आपल्याला आपलाच आवाज परत ऐकू आला तर दोष समोरच्या खोलीत. समोरच्याला त्याचा आवाज परत गेला तर दोष आपल्या खोलीत. पुण्याहून तक्रार येत होती, म्हणजे आमच्याकडे. सभागृहातला माइक अँप्लिफायरमध्ये जातो आणि अँप्लिफायरच्या रेकॉर्ड आउटमधून आम्ही आवाज कॉम्प्युटरला देत होतो. पण त्या आउटमध्ये *सगळं* असतं, पुण्याचा आवाजसुद्धा. त्याचंच त्याला परत. आवाजाचा मिक्सर असता तर पुण्याचा आवाज वगळून पाठवता आला असता. साध्या अँप्लिफायरला तशी सोय नाही.

तोडगा दिसायला बावळट, पण चालला. एक यूएसबी माइक (१,४०० रुपये) थेट कॉम्प्युटरला, दूरच्यांसाठी. जुना माइक अँप्लिफायरला, सभागृहासाठी. दोन्ही एकाच स्टँडवर चिकटपट्टीने बांधले. स्पीकर माइकच्या पाठीमागे नकोत, श्रोत्यांकडे तोंड करून पुढे आणले. उरलेला प्रतिध्वनी झूम स्वतः मारतो, पण त्यासाठी स्पीकरचा आवाज एकदा ठरवून नंतर हलवायचा नाही. अँप्लिफायरच्या नॉबवर खडूने खूण केली.

२० जुलै, रविवार

भजनाची तालीम. इथे पेटी, पखवाज आणि टाळ उत्तम, पुण्यात नुसते शब्द आणि मधेच पेटीचा एखादा चुकार सूर. टाळ तर पूर्ण गायब. सतत वाजणारा स्वर आणि किणकिण या दोन्ही गोष्टी झूमच्या दृष्टीने पंखा आणि भांड्यांचा आवाज, म्हणून तो पुसतो. ऑडिओ सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" चालू करायचं, आणि मीटिंगमध्ये गेल्यावर त्याचं बटण पुन्हा दाबायचं. दुसरी पायरी सगळे विसरतात. माइकचा आवाज आपोआप कमीजास्त करण्याची खूण काढायची, नाहीतर टाळ वाजला की गाणारा बुडतो. या मोडमध्ये प्रतिध्वनी मारणं बंद ठेवलं, म्हणून भजन चालू असताना दूरचे सगळे म्यूट.

टाळकऱ्यांना माइकपासून आठ फूट मागे बसवलं. काकांना ते पटलं नाही, पण पुण्याहून "आता पखवाज ऐकाय लागला" असं आल्यावर बसले.

२२ जुलै, मंगळवार

दोन बारीक गोष्टी. कार्यक्रमपत्रिका चॅटमध्ये चिकटवली तर समोर इंग्रजी अक्षरांची भेळ. वाचनालयाचा सगळा मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. चॅटला तो फॉन्ट कळत नाही. मशीनवर कन्नड कीबोर्ड आधीच होता, मराठी फोनेटिक (उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) वेगळा घातला. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून बदलतो.

दुसरं, अभ्यासिकेतली पोरं. संध्याकाळी सहाला दहा-बारा फोन वायफायवर येतात आणि दिवसभराचे फोटो वर चढवतात. रिकाम्या लाइनवर पिंग १४ मिलिसेकंद, त्या वेळी ३१०. वेग कमी नव्हता, रांग लांब होती. राउटरमध्ये अभ्यासिकेसाठी वेगळं गेस्ट वायफाय केलं आणि त्याला वर-खाली १० एमबीपीएसची मर्यादा घातली. पिंग ४० च्या आत.

२४ जुलै, गुरुवार

आजचं नुकसान १,१०० रुपये, आणि पूर्ण आमचं.

कॉम्प्युटरला ६०० व्हीएचा यूपीएस आहे, मॉनिटरसकट ११ मिनिटं ओढतो. पण वीज गेली की पुढच्या खोलीतला फायबरचा डबा, राउटर आणि स्विच तिन्ही बंद. कॉम्प्युटर चालू राहून काय उपयोग? म्हणून राउटरसाठीचा मिनी यूपीएस (१,३०० रुपये, ५, ९ आणि १२ व्होल्टचे आउटपुट) आणला. डबा १२ व्होल्ट, राउटर १२ व्होल्ट, स्विच ५ व्होल्ट. तिघांच्या पिना अगदी सारख्या. गडबडीत १२ ची पिन स्विचमध्ये गेली. फट् असा आवाज, करपल्याचा वास, संपलं.

स्विच पुन्हा घेतला. आता प्रत्येक वायरीच्या टोकाला रंगाचा ठिपका : १२ ला लाल, ५ ला पांढरा, आणि यंत्राच्या भोकाशेजारीही तोच. मिनी यूपीएसवर तिन्ही मिळून दोन तास दहा मिनिटं चालले.

२६ जुलै, शनिवार

पाच ते साडेसात. वीज ६ वाजून २० मिनिटांनी गेली, नऊ मिनिटांनी आली. मीटिंग तुटली नाही. अँप्लिफायर यूपीएसवर नाही, त्यामुळे सभागृहातले लोक तेवढा वेळ मॉनिटरच्या बारक्या स्पीकरभोवती गोळा झाले. पाठवलेल्यात पॅकेट लॉस जास्तीत जास्त ०.४ टक्के, जिटर ८ मिलिसेकंद. भजनाच्या वेळी ओरिजिनल साउंडचं बटण दाबायला पहिली चार मिनिटं विसरलो.

खर्च : रॅम ५५०, टेस्टर १८०, प्लग आणि टोप्या ६०, सेल ४०, एक्स्टेन्शन ६५०, दिवा २५०, आयसोलेटर ३००, माइक १,४००, मिनी यूपीएस १,३००, जळालेल्या स्विचच्या जागी नवा १,१००. एकूण ५,८३०. वरचे ८३० वर्गणीतून.

२ ऑगस्ट, शनिवार

दुसरा कार्यक्रम. मॉनिटरच्या कडेला कागद डकवला आहे : घड्याळ बघा, ओरिजिनल साउंड, नॉब खडूवर. मुसळधार पावसात कोपऱ्यातली ओल हातभर वर चढली आहे. प्लग अजून कोरडा आहे, पण खिळा आणखी वर न्यावा लागेल. ३५ मीटर तांब्याची केबल गणपतीनंतर.